बिनपाहुण्याचं घर

कोम्बो वुआईला कासवांचा मनापासून वीट आला होता. माणसाच्या दुप्पट आयुष्य मिळालेला प्राणी, त्याला कसली घाई? घाई होती ती कोम्बोला. त्याच्या गावी, माकुंडुचीत, आज वर्षाचा पहिला दिवस. घरी बायको वाटेकडे डोळे लावून बसलेली, आणि इकडे शहरासमोरच्या छोट्या बेटावर लेशेकसाहेब हातात पाल्याची जुडी घेऊन एका म्हाताऱ्या कासवापुढे उकिडवे बसलेले. कासवाने डोळे मिटून घेतले होते. लेशेकची बायको दानुता फोन रोखून उभी होती. कासव तोंड उघडतंय आणि नवरा पाला भरवतोय, असा फोटो मिळाल्याशिवाय बाई तिथून हलणार नव्हती.

"साहेब, त्याचं पोट भरलंय," कोम्बो म्हणाला. "पलीकडे तरुण कासवं आहेत. ती खातात."

"नको, हेच सगळ्यात म्हातारं आहे," दानुता म्हणाली. "आम्ही थांबतो."

थांबा. थांबा, माझं काय जातंय, असं कोम्बो मनातल्या मनात म्हणाला आणि तोंडावरचं हसू तसंच ठेवलं. ते हसू त्याने गेली कित्येक वर्षं तसंच ठेवलं होतं. मोठ्या बेटावर सुट्टीला आलेल्या माणसांना व्हॅनमध्ये घालून फिरवायचं, हा त्याचा धंदा. सकाळी कासवं, मग मसाल्याची बाग, मग रानातली लाल माकडं, भरती-ओहोटी जुळली तर समुद्रातला वाळूचा दांडा आणि संध्याकाळी शिडाच्या होडीतून सूर्यास्त. बागेत दालचिनीची साल खरवडून पाहुण्याच्या नाकाशी धरायची आणि 'ओळखा पाहू' म्हणायचं. पाहुणे रोज ओळखतात आणि कोम्बो रोज चकित होतो. सूर्य मावळला की टाळ्या वाजवतात लोक. जणू आज तो मावळणारच नव्हता, कोम्बोने खटपट केली म्हणून मावळला!

पण आज सूर्यास्ताचं नाव काढायचं नव्हतं. दुपारच्या आत माकुंडुची गाठायची, या दोघांना घरी नेऊन जेवायला बसवायचं आणि मग मैदानात जायचं, असं त्याने बायकोला कबूल केलं होतं.

वर्षाच्या पहिल्या दिवशी ज्या घरात बाहेरचं माणूस जेवलं नाही त्या घराचं वर्ष कसं जातं, हे माकुंडुचीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मीझाने पहाटे त्याला चहा दिला तोच कपाळाला आठ्या घालून.

"सिहाबाचे बाबा, साऱ्या जगाचे पाहुणे त्या डब्यात घालून फिरवता," ती म्हणाली. "आपल्या उंबऱ्यावर एक चढत नाही. गेल्या वर्षी चटई रिकामी, त्याच्या आदल्या वर्षी रिकामी. ती शेजारची कझिजा मला विचारते, तुमच्याकडे काही साथबिथ आहे का गं?"

"आणतो म्हणालो ना. दोन आणतो."

"दोन नकोत. एक आणा, पण आणा."

मग ती पाठमोरी होऊन तांदूळ निवडत बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "दादा आज मैदानात येणार आहे."

दादा म्हणजे मकामे, मीझाचा थोरला भाऊ. तो गावाच्या उत्तरेकडचा, कोम्बो दक्षिणेकडचा. त्याने या घरात पाऊल टाकल्याला तीन वर्षं झाली होती.

"दवाखान्यातून आलाय. नुसती हाडं राहिलीत," मीझा म्हणाली. "तरी येतो म्हणालाय. तो आला आणि तुम्ही कासवं दाखवत बसलात, तर पुढच्या वर्षी कुणाला मारणार आहात?" तिने तांदूळ निवडणं सोडलं नाही. "आणि हात जरा जपून. आजारी माणूस आहे."

माकुंडुचीत भांडण मिटवायची रीत एकच. वर्षाच्या पहिल्या दिवशी मैदानात उतरायचं, हातात केळीच्या पानाचा जाड दांडा घ्यायचा आणि मनातलं सगळं एकमेकांच्या पाठीवर काढायचं. दक्षिणेकडच्यांनी उत्तरेकडच्यांना हाणायचं आणि त्यांनी यांना. मार संपला की राग संपला. त्यानंतर जुनं उकरून काढणाऱ्याला गाव दारात उभं करत नाही. पण जो मैदानात आलाच नाही त्याचं भांडण आणखी वर्षभर त्याच्या गळ्यात. गेली दोन वर्षं असंच झालं होतं. एकदा मकामे आला तेव्हा कोम्बो पाहुण्यांबरोबर वाळूच्या दांड्यावर होता. एकदा कोम्बो आला तेव्हा मकामे समुद्रात होता. दोघांनीही गावभर सांगितलं, भित्रा लेकाचा, आलाच नाही.

आणि भांडण कशाचं? गुहेचं!

मकामेची होडी किझिमकाझीच्या किनाऱ्यावर होती. पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायचं काम तो करायचा आणि कोम्बो पाहुणे आणून द्यायचा. मेहुण्या-मेहुण्यांचं छान चाललं होतं. पण डॉल्फिन काही कुणाचे नोकर नव्हेत. कधी दिसतात, कधी नाही. ज्या दिवशी दिसत नसत त्या दिवशी पाहुण्यांची तोंडं लांब होत. म्हणून कोम्बोने किनाऱ्यावरची एक गुहा शोधून काढली. शोधून कसली, ती सगळ्यांना ठाऊकच होती. कोम्बोने तिच्यात एक राजकन्या नेऊन बसवली. सुलतानाची मुलगी एका कोळ्यावर भाळली, बापाच्या भीतीने इथे लपली, त्याची वाट बघत केस विंचरत राहिली. पुरावा म्हणून गुहेत सापडलेला लाकडी कंगवा. गोष्ट अशी जमली की पुढे पुढे सांगताना कोम्बोलाच ती खरी वाटू लागे.

तीन वर्षांपूर्वी एका दिवशी मकामेही गुहेत आला होता. सगळे पाहुणे डोळे पुसत असताना तो खो खो हसत सुटला. "राजकन्या? अहो, इथे आम्ही शेळ्या बांधायचो! आणि हा कंगवा माझ्या आईचा आहे!" मग पाहुणेही हसले, कोम्बोकडे बघून. कोम्बोच्या अंगाचा तिळपापड झाला. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "तू हमाल आहेस. माणसं होडीत चढवायची आणि उतरवायची. तोंड कुणी उघडायला सांगितलं तुला?" मकामेने होडीचा दोर सोडला आणि एकटाच निघून गेला. पाहुणे किनाऱ्यावर आणि कोम्बो त्यांच्यामध्ये.

इकडे कासवाने शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. दानुताने मग चिडून मिटल्या तोंडाचाच फोटो काढला. मसाल्याच्या बागेत दोघांनी दालचिनी ओळखली आणि कोम्बो चकित झाला. बाग संपली, तरी बाईंचं काही संपेना. तिच्या फोनमध्ये बेटावर बघण्यासारख्या दहा गोष्टी होत्या आणि व्हॅनमध्ये बसून ती एकेकीवर बोट ठेवत होती.

"आणि ही? राजकन्येची गुहा?"

कोम्बोने व्हॅन झाडावर घालता घालता सावरली. "काय?"

"इथे लिहिलंय. कुणी तरी जाऊन आलंय. फार हृदयस्पर्शी, म्हणतात. वाटेवरच आहे."

हे असं होतं बघा. एक खोटं सांगावं, त्याने मेहुणा जावा, घरची शांतता जावी आणि ते खोटं मात्र जगभर फिरून बेटावर परत यावं!

"बंद आहे," कोम्बो म्हणाला.

"गुहा बंद कशी असेल? तिला दार आहे?"

"दुरुस्ती चालू आहे."

"गुहेची?" लेशेक पहिल्यांदाच बोलला.

"फार जुनी आहे ना," कोम्बो म्हणाला आणि गाडीचा वेग वाढवला.

जोझानीच्या रानात लाल माकडं झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसली होती. ती खाली येईपर्यंत दानुता थांबली. मग एक माकड खाली आलं आणि त्याने लेशेककडे पाठ केली, म्हणून पुढून फोटो मिळेपर्यंत थांबली. कोम्बोचा जीव मेटाकुटीला आला. दुपार चढत होती. त्याने या दोघांना घरच्या जेवणाचं आमिष दाखवलं, बायकोच्या हातच्या पुलावाचं कौतुक केलं, मैदानात आज मोठा खेळ आहे म्हणून सांगितलं. शेवटी माकडंच कंटाळून रानात आत निघून गेली तेव्हा कुठे सुटका झाली.

माकुंडुचीत शिरले तर रस्ते माणसांनी भरलेले. नवे कपडे, अंगाला गुंडाळलेले नवे रंगीत कांगे, बायका घोळक्याने गाणी म्हणत मैदानाकडे चाललेल्या. व्हॅन घरापर्यंत जाईना. कोम्बोने पाहुण्यांना कोपऱ्यावरच्या आंब्याखाली उतरवलं. घर तिथून हाकेच्या अंतरावर.

"इथेच उभे राहा. गाडी लावून आलोच."

इथे त्याची चूक झाली. नव्या वर्षाच्या दिवशी माकुंडुचीत पाहुणा रस्त्यावर मोकळा सोडायचा नसतो. पण दिवसभराच्या वैतागाने त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

परत आला तर आंब्याखाली कुणी नाही. कोम्बो इकडे धावला, तिकडे धावला. मग शेजारच्या कझिजाच्या अंगणातून त्याला दानुताचं हसू ऐकू आलं. कुंपणावरून डोकावतो तर लेशेकसाहेब चटईवर मांडी घालून बसलेले, समोर पुलावाचं ताट, तोंडात घास. सकाळपासून कासवाच्या तोंडात जो जाईना तो!

"कोम्बो!" दानुता ओरडली. "तुझी बायको किती गोड आहे!"

"ती माझी बायको नाही!" कोम्बो म्हणाला आणि म्हाताऱ्या कझिजाकडे वळला. "कझिजाबाई, हे काय? हे माझे पाहुणे आहेत."

"तुझे कसे?" कझिजा वाढता वाढता म्हणाली. "रस्त्यावर उभे होते बिचारे उन्हात. मी म्हटलं या, ते आले."

"मी आणलंय त्यांना शहरातून!"

"आणि शहरात विमानाने आणलं. मग काय वैमानिकाच्या घरी जेवायला पाठवायचं?" तिने दानुताच्या ताटात आणखी एक डाव टाकला. "मी त्यांना विचारलं, कोम्बोकडे आलात का? हो म्हणाले. मी म्हटलं, मग बसा."

"अहो, पण कोम्बोचं घर ते पलीकडचं!"

"मी कुठे म्हटलं हे कोम्बोचं घर म्हणून? त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

भरल्या ताटावरून माणसाला उठवणं शक्यच नव्हतं. दात-ओठ खात कोम्बो आपल्या अंगणात आला. दारात चटई अंथरलेली, तिच्यावर नवं फुलाफुलांचं ताट आणि शेजारी हात धुवायचं तांब्या-तस्त. मीझा उंबऱ्यावर बसली होती.

"कुठायत?"

कोम्बोने नुसती हनुवटी कुंपणाकडे केली. पलीकडून कझिजाचा आग्रह ऐकू येत होताच. मीझाने ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, पातेल्यावर झाकण ठेवून आली आणि म्हणाली, "मैदानात जा. दादा गेला मघाशीच. तिथून तरी रिकामे येऊ नका."

मैदानात धूळ उडत होती. दोन-दोन सदरे, त्यावर स्वेटर घालून बापये एकमेकांना बडवत होते. बायका कडेने फिरत एकेकाच्या नावाने गाणी म्हणत होत्या. कुणाची बायको माहेरी का गेली, कुणाच्या घोरण्याने कोंबड्या अंड्यावर बसत नाहीत, सगळं त्या गाण्यांत निघत होतं. ज्याच्यावर गाणं त्याने हसत ऐकायचं.

उत्तरेकडच्या लोकांत मकामे उभा होता. कोम्बोने त्याला आधी ओळखलंच नाही. पूर्वी होडीचा नांगर खांद्यावर टाकून चालणारा माणूस. आता स्वेटर त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबत होता.

"ये शेमेजी," मकामे म्हणाला. मेहुण्याने मेहुण्याला हाक मारायची ती हाक त्याने तीन वर्षांनी मारली. "आज वेळ आहे ना? की साहेब लोक खोळंबलेत?"

"कझिजाने पळवले."

मकामेच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्याने तो जाग्यावर आणला. मार खाण्याआधी हसायचं नसतं.

दोघांनी केळीचे दांडे उचलले. मकामेने पहिला हाणला, सगळा जोर लावून. तो जोर एवढासाच होता आणि कोम्बोला तेच लागलं. मग कोम्बोची पाळी. त्याने दांडा वर नेला आणि मकामेच्या खांद्यावर हलकेच ठेवला. दुसरा हाणला तोही तसाच, कापड घडी करून ठेवावं तसा. तिसऱ्याला मकामेने आपला दांडा धुळीत फेकून दिला.

"हे काय चाललंय?" तो गरजला. आवाज मात्र पूर्वीचाच होता. आजूबाजूचे चारचौघे थांबले. "फोटोसाठी मारतोस का रे मला? तुझे ते गोरे पाहुणे याच्यापेक्षा जोरात मारतील!"

"तू आजारी आहेस."

"कुणी सांगितलं? मीझाने? हात जपून म्हणाली असेल!"

कोम्बोने दांडा खाली केला.

"ऐक कोम्बो. राग एवढासाच होता, तर माझ्या बहिणीला तीन वर्षं दाराआड का रडवलंस? आणि राग मोठा असेल, तर हा एवढा मला देऊन बाकीचा कुठे नेणार आहेस? घरी? मी मेल्यावर कुणावर काढणार आहेस तो?"

या बोलण्यावर कोम्बोचं टाळकं सटकलं. सकाळपासूनचं सगळं वर आलं. मिटल्या डोळ्यांचं कासव, पाठमोरं माकड, कझिजाचा डाव, मीझाने पातेल्यावर ठेवलेलं झाकण, सगळं. आणि त्याखाली तीन वर्षं दडपून ठेवलेलं ते हसू, गुहेतलं, पाहुण्यांचं.

"राजकन्या होती!" तो ओरडला आणि त्याने खरा दांडा हाणला. फट्कन आवाज झाला.

"शेळ्या होत्या!" मकामेने दुसऱ्याचा दांडा हिसकावून घेतला आणि परत हाणला.

"कंगवा तिचा होता!"

"आईचा होता! त्याचा दात मी मोडलाय!"

"चारचौघांत हसलास मला!"

"मला हमाल म्हणालास!"

"म्हणालो! चुकलो!" फट्.

"चुकलो म्हणतोस आणि मारतोस?"

"हो! मारतो! तूच म्हणालास ना मार!" कोम्बोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हता. शेवटी दोन्ही दांड्यांचे धागे धागे झाले. दोघे धुळीतच बसले. मकामेला खोकल्याची उबळ आली. कोम्बो घाबरून पुढे झाला, तशी मकामेने हात वर केला. तो खोकत होता आणि मधूनमधून हसत होता.

"असा मारायचा," दम लागलेल्या आवाजात तो म्हणाला. "तीन वर्षांत विसरला होतास."

कोम्बोने मान वर केली. समोर दानुता फोन रोखून उभी. जेवण करून कझिजाबरोबर आली होती.

"कोम्बो, पुन्हा एकदा कराल का दोघं?" ती म्हणाली. "माझ्या फोनमध्ये नीट आलं नाही."

कोम्बोने कपाळाला हात लावला. मकामेने तिच्याकडे बघितलं, मग कोम्बोकडे. "रोज हे?" त्याने विचारलं.

"रोज," कोम्बो म्हणाला.

मैदानाच्या कडेची गवताची झोपडी रीतीप्रमाणे पेटवली, धूर जाईल त्यावरून वर्ष कसं जाणार ते सगळ्यांनी पाहून घेतलं आणि माणसं घरोघर पांगली. कोम्बो आणि मकामे एकमेकांच्या आधाराने आले. कोण कुणाला धरून चाललंय ते सांगता येत नव्हतं. मीझा उंबऱ्यावर तशीच बसली होती. भावाला पाहून ती उठली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिने नुसता चटईकडे हात केला, बस म्हणून. नवं ताट, तांब्या-तस्त, सगळं पाहुण्याचं.

मकामेने चपला काढल्या. चटईकडे त्याने पाहिलंही नाही. तिला वळसा घालून, मान खाली वाकवून तो सरळ चुलीपाशी गेला, पातेल्यावरचं झाकण उचललं आणि दोन बोटं आत घातली.

"मीझा," तो चावत म्हणाला, "ही शेळी की राजकन्या गं?"

मीझाने त्याच्या हातावर डाव हाणला. जपूनबिपून नाही, चांगला हाणला. "पाहुणे असे उघड्या पातेल्यात हात घालतात का?"

"मी कुठला पाहुणा?" मकामे म्हणाला आणि तिथेच राखेशेजारी फतकल मारून बसला. "मीठ कमी पडलंय."

कोम्बो दारातच थबकला. कुंपणापलीकडून कझिजाचा आवाज आला. तिला राहवलं नसणार.

"काय गं मीझा? यंदाही रिकामंच का घर?"

मीझाने पदराने डोळे पुसले. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "रिकामंच गं बाई! यंदाही आमच्याकडे पाहुणा नाही!" आणि तिने दारातली चटई गुंडाळून भिंतीला उभी करून ठेवली.